वर्षअखेरीची भिंत
(प्राथमिक शाळेतील वर्गप्रदर्शन व उपक्रमांविषयी)

शैक्षणिक वर्ष संपत आले की शाळेत हिशेबाचे दिवस येतात. हजेरीपटाच्या बेरजा होतात, जडसंग्रहाची नोंदवही काढली जाते, उत्तरपत्रिका तपासून प्रगतिपत्रके भरली जातात. या सर्व हिशेबांत एक हिशेब मात्र बहुधा राहून जातो. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात वर्गात आलेले मूल आणि वर्ष संपताना वर्गाबाहेर पडणारे तेच मूल यांच्यात काय अंतर पडले, हे त्या मुलाला व त्याच्या आईवडिलांना डोळ्यांनी पाहता येईल असे कोठेच मांडलेले नसते. प्रगतिपत्रकावरील श्रेणी किंवा गुण हे त्या अंतराचे एक चिन्ह असते. पण अक्षरओळख नसलेल्या आजीला किंवा मोलमजुरी करणाऱ्या बापाला त्या चिन्हावरून फारसा बोध होत नाही. मुलालाही होत नाही.

हा हिशेब मांडण्याची जागा प्रत्येक शाळेपाशी आहे. ती म्हणजे वर्गाची भिंत. वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत या भिंतीचा योग्य उपयोग केल्यास अल्प खर्चात, मुलांच्याच हातून, वर्षभराच्या शिक्षणाचे दर्शन घडविता येते. गोव्यातील खेड्यांतल्या प्राथमिक शाळांना समोर ठेवून हे काम कसे करावे, याचे विवेचन येथे केले आहे. येथील अनेक शाळांत एकच शिक्षक एकाच खोलीत एकापेक्षा अधिक इयत्ता सांभाळतो. अशा शाळेत जे जमेल ते अन्यत्र सहज जमेल.

सजावट आणि प्रदर्शन

वर्ग सजविणे म्हणजे तो रंगीबेरंगी करणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यासाठी बाजारातून छापील तक्ते आणले जातात, थर्मोकोलची अक्षरे कापली जातात, घोटीव कागदाच्या पताका छताला टांगल्या जातात. शाळा सुटल्यावर शिक्षक स्वतः बसून हे काम करतात आणि त्यांच्या श्रमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या भिंतीवर मुलांचे असे काही नसते. जे असते ते वर्गातील दोन-चार मुलांचे, ज्यांची चित्रकला व हस्ताक्षर मुळातच चांगले आहे त्यांचे. उरलेली मुले वर्षभर त्या भिंतीकडे पाहतात व आपले काम तेथे लावण्याजोगे नाही, असा निष्कर्ष मुकाट्याने काढतात. भिंत काही बोलत नसली तरी मुले तिचे म्हणणे ऐकत असतात.

अतिरेकी सजावट शिकण्यासही मारक ठरू शकते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली बालवाडीतील मुलांच्या एका लहान गटावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच मुलांना काही पाठ भरगच्च सजविलेल्या खोलीत व काही पाठ मोकळ्या भिंतींच्या खोलीत देण्यात आले. सजविलेल्या खोलीत मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ पाठाबाहेर होते, तर मोकळ्या खोलीत सुमारे २८ टक्के वेळ. पाठानंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरांचे प्रमाण अनुक्रमे ४२ व ५५ टक्के आढळले. प्रयोग लहान असला तरी त्यातील बोध व्यवहार्य आहे. पाठ चालू असताना भिंतीवर त्या पाठाला लागेल तेवढेच असावे. वर्षाचा संपूर्ण संग्रह मांडायचा तर तो पाठ व परीक्षा आटोपल्यावर. म्हणूनच वर्षअखेर हा प्रदर्शनाचा खरा काळ होय.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्या १९३० च्या दशकातील ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकात चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकाची कथा आहे आणि तिचा शेवटचा भाग वर्षअखेरीच्या संमेलनाचाच आहे. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, जो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो, ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ यांची त्यांना अखेरपर्यंत साथ होती. विकत घेतलेल्या महागड्या साधनांवाचून, शिंपले, बिया, पाने, काड्या अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाची साधने उभी करता येतात, हे या दोघींनी आदिवासी मुलांच्या शाळेत दाखवून दिले. वर्षअखेरीच्या प्रदर्शनालाही तेच सूत्र लागू पडते.

पहिले पान आणि शेवटचे पान

प्रदर्शनाचा गाभा एका साध्या जोडीचा असावा. प्रत्येक मुलाचे वर्षाच्या आरंभीचे एक काम आणि अखेरचे तेच काम शेजारी शेजारी लावावे. पहिलीच्या मुलाने आरंभी काढलेल्या रेघोट्या आणि आता लिहिलेले स्वतःचे नाव; दुसरीच्या मुलीने लिहिलेली एकच ओळ आणि आता लिहिलेल्या सहा ओळी; तिसरीतील मुलाची चुकलेली हातच्याची बेरीज आणि आता बरोबर सोडविलेला गुणाकार. दोन्ही कागदांवर तारीख असावी. चुका पुसू नयेत किंवा लाल शाईने झाकू नयेत.

या मांडणीचा सर्वांत मोठा लाभ मागे पडलेल्या मुलाला होतो. हुशार मुलाची दोन्ही पाने बहुधा चांगलीच असतात आणि त्यांतील अंतर थोडे दिसते. ज्याला आरंभी पेन्सिल धरता येत नव्हती, त्याच्या दोन पानांतील अंतर मात्र कोणाच्याही नजरेत भरते. परीक्षेत शेवटच्या क्रमांकावर असणारे मूल या भिंतीवर सर्वांत लांबचा पल्ला गाठलेले मूल ठरू शकते. हे त्याला कळणे आणि त्याच्या घरच्यांना कळणे, यासाठी एवढा खटाटोप करावयाचा.

आरंभीचे काम जपून ठेवलेले नसल्यास निराश होण्याचे कारण नाही. वहीचे पहिले पान हाच पुरावा आहे. मुलाच्या परवानगीने ते पान काळजीपूर्वक सोडवून घ्यावे, किंवा वही उघडी ठेवून टेबलावर मांडावी. पुढील वर्षासाठी मात्र पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाचे एक चित्र व एक लेखन तारखेसह जाड पाकिटात घालून कपाटात ठेवण्याचा नियम करावा.

याच्या जोडीला मुलाने स्वतः निवडलेले एक काम असावे. ते शिक्षकाला आवडेलच असे नाही. ‘मी हे का निवडले’ हे मुलाने खाली एका वाक्यात लिहावे. लहान मुलाने सांगावे व मोठ्याने त्याच्यासाठी लिहून घ्यावे.

उंची आणि जागा

भिंतीवरील कागद मोठ्या माणसांच्या नजरेच्या उंचीवर लावण्याची चूक फार वेळा होते. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे ११० ते ११५ सेंटिमीटर असते आणि डोळे त्याहून सुमारे १० सेंटिमीटर खाली असतात. दीड मीटर उंचीवरचा कागद त्याला मान वर करून पाहावा लागतो. वाचणे तर दूरच. मोठी माणसे वाकू शकतात. मुले उंच होऊ शकत नाहीत. म्हणून भिंतीला समांतर दोन दोऱ्या बांधाव्यात: वरची जमिनीपासून सुमारे १३० सेंटिमीटरवर तिसरी-चौथीच्या मुलांसाठी, खालची सुमारे ९५ सेंटिमीटरवर पहिली-दुसरीसाठी. कागद कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी अडकवावेत.

दोरीचा आणखी एक फायदा आहे. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंतींचा गिलावा खिळ्याने फुटतो आणि चिकटपट्टी काढताना रंगाचे पापुद्रे निघतात. दोरीसाठी खिडकीचे गज किंवा दाराची चौकट पुरते.

जागेचा अंदाज आधीच बांधावा. वीस मुलांची शाळा धरल्यास प्रत्येकी तीन याप्रमाणे साठ कागद होतात. एका कागदास दोरीवर २५ सेंटिमीटर जागा धरली तर एकूण १५ मीटर दोरी लागते, म्हणजे दोन दोऱ्या मिळून भिंतीची साडेसात मीटर लांबी. एवढी जागा साध्या वर्गखोलीतही निघते. हा हिशेब चौथीच्या मुलांकडूनच करवून घ्यावा. मोजमाप व गुणाकार यांचा असा प्रसंग पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

पावसाची पट्टी, उंचीची दोरी, शब्दांची जोडी

वैयक्तिक कामाबरोबर संपूर्ण वर्गाने मिळून केलेले दोन-तीन तक्ते असावेत. येथे तीन नमुने दिले आहेत.

पहिला पावसाचा. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यापेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याशी तो अधिक असतो. हा आकडा मुले पाठ करतात, पण त्यांच्या मनात त्याचे चित्र उमटत नाही. जुन्या दिनदर्शिकांची पाने मागील बाजूने जोडून पावसाची पट्टी खऱ्या मापाने करावी. जूनमध्ये जितके मिलिमीटर पाऊस पडला तितके मिलिमीटर एका रंगाने, जुलैचा दुसऱ्या रंगाने, असे सप्टेंबरपर्यंत. तीन मीटरांची ही पट्टी उभी केली तर चौथीतील दोन मुले एकावर एक उभी राहिली तरी तिचे टोक गाठू शकत नाहीत. खोली ठेंगणी असल्यास पट्टी छताखालून वळवावी लागते आणि मुलांना ते फारच आवडते. शाळेने स्वतः पाऊस मोजला असल्यास उत्तम. त्यासाठी सरळ भिंतींचे, वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवून रोज ठरावीक वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजावी व भांडे रिकामे करावे. भांड्याचे तोंड लहान असो वा मोठे, उंची तीच येते. नोंदी नसल्यास हवामान खात्याने दिलेले आकडे घ्यावेत.

दुसरा उंचीचा. वर्षाच्या आरंभी प्रत्येक मुलाची उंची मोजून भिंतीवर खूण केली असेल, तर अखेरीस पुन्हा मोजावी व फरकाइतका सुतळीचा तुकडा कापून मुलाच्या नावाच्या चिठ्ठीस बांधावा. या वयात मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. बोटाएवढी ती सुतळी हातात घेतली की ‘मी एवढा वाढलो’ हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. येथे कोण उंच, कोण बुटका अशी तुलना होऊ देऊ नये. म्हणूनच पूर्ण उंचीचा तक्ता न लावता केवळ वाढीचे तुकडे लावावेत. एखाद्या मुलाची वाढ अगदीच अल्प दिसली तर त्याचा तुकडा प्रदर्शनात न ठेवता ती गोष्ट पालकांशी व आरोग्य तपासणीस येणाऱ्या डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावी.

तिसरा शब्दांचा. मराठी शाळेतील बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी बोलली जाते. काहींच्या घरी कन्नड वा हिंदी बोलली जाते. एका मोठ्या कागदावर झाडाचे खोड काढून प्रत्येक पानावर शाळेत शिकलेला एक शब्द व त्याखाली घरचा शब्द लिहावा. मराठीत मासळी, कोंकणीत नुस्तें, कन्नडमध्ये मीनु. मराठीत नारळ, कोंकणीत नाल्ल, कन्नडमध्ये तेंगिनकायी. जे मूल परप्रांतातून आलेल्या मजुराचे आहे व जे वर्गात फारसे बोलत नाही, त्याला या झाडापाशी प्रथमच इतरांना काही शिकविण्याची संधी मिळते. त्याच्या आईला प्रदर्शनाच्या दिवशी आपल्या घरातला शब्द शाळेच्या भिंतीवर भेटतो.

चौकट आणि साहित्य

ज्या खोलीच्या भिंती कमी आहेत किंवा खिडक्यांनी व्यापल्या आहेत तेथे प्रदर्शन मध्यभागी टांगता येते. गोव्यातील गावकऱ्यांना याचा नमुना परका नाही. चतुर्थीच्या दिवसांत गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातील व बागेतील फळे, फुले, कंद बांधण्याची माटोळीची प्रथा घरोघरी आहे. तशीच बांबूच्या कामट्यांची हलकी चौकट करून तिच्यापासून दोऱ्या खाली सोडाव्यात व त्यांना मुलांनी केलेल्या वस्तू, कागद, वर्षभर गोळा केलेल्या बिया, पिसे, शिंपले बांधावेत. चौकट मोठ्या माणसाने तुळईला पक्की बांधावी व ती पंख्यापासून दूर असावी. मुलांना शिडीवर चढवू नये.

साहित्याच्या बाबतीत विकत घेण्यापेक्षा गोळा करण्यावर भर असावा. जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका, पुठ्ठ्याची खोकी, वृत्तपत्रे, करवंट्या, काथ्याची दोरी हे सर्व गावातच मिळते. पोफळीची गळून पडलेली विरी पाण्यात भिजवून वजनाखाली दाबून वाळविली की तिचा गुळगुळीत फलक होतो व त्यावर खडूने किंवा रंगाने उत्तम लिहिता येते. लाल रंगासाठी गेरू, काळ्यासाठी वाटलेला कोळसा, पांढऱ्यासाठी खडूची पूड, पिवळ्यासाठी हळद वापरावी. भिरंडाची साल भिजविली की तांबडे पाणी मिळते. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो, म्हणून तो कागद खिडकीजवळ लावू नये. हळदीच्या रंगावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की तो लाल होतो, हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करून दाखवावा. चुना मुलांच्या हाती देऊ नये.

चिकटविण्यासाठी मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची खळ घरच्या घरी शिजविता येते. कीड लागू नये म्हणून पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने शाळेच्या खळीत ते मुळीच नसावे. त्याऐवजी खळ रोज लागेल तेवढीच ताजी करावी. थर्मोकोल व प्लास्टिकची चमकी टाळावी, कारण ती कुजत नाहीत आणि प्रदर्शनानंतर शाळेच्या मागील ओहोळात जाऊन पडतात.

वेळेचे नियोजन

‘परीक्षेच्या दिवसांत यासाठी वेळ कोठून आणावा?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर असे की या प्रदर्शनासाठी नवे काम जवळजवळ करावयाचेच नाही. जे झाले आहे ते निवडून मांडावयाचे आहे. परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात वह्या व पाकिटे चाळून निवड करावी. उजळणीचाच तो एक प्रकार आहे. परीक्षा संपल्यावर एक दिवस सामाईक तक्त्यांसाठी व एक दिवस मांडणीसाठी पुरतो. एकशिक्षकी शाळेत चौथीच्या प्रत्येक मुलाकडे पहिली-दुसरीची दोन किंवा तीन मुले सोपवावीत. त्यांची पाने निवडण्यास मदत करणे, नावाच्या चिठ्ठ्या लिहिणे व दोरीवर कागद अडकविणे ही कामे तो गट करील. शिक्षकाने प्रत्येक मुलाचे नाव भिंतीवर आले की नाही, एवढे स्वतः हजेरीपट हातात घेऊन तपासावे. वारंवार गैरहजर राहिलेल्या मुलाचेही एक तरी काम असलेच पाहिजे. नसेल तर त्याच्यासाठी अर्धा तास काढून ते करवून घ्यावे.

गोव्यात २०२५ साली सहावी ते दहावी व बारावीच्या वर्गांचे नवे शैक्षणिक वर्ष एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू करण्यात आले. जेथे वर्षाचा शेवट व आरंभ असे जवळ येतात, तेथे जुन्या वर्गाचे प्रदर्शन चार दिवस तसेच राहू द्यावे. नव्या वर्गाला पुढे काय शिकावयाचे आहे, हे त्यावरून आपोआप कळते.

जाणाऱ्यांचा निरोप

खेड्यातील प्राथमिक शाळेत वर्षअखेर म्हणजे चौथीच्या मुलांची ताटातूट. दहा-बारा मुलांच्या ओळखीच्या खोलीतून ती मुले दूरच्या माध्यमिक शाळेत, अनोळखी शिक्षकांपुढे, चाळीस जणांच्या वर्गात जाऊन बसतात. कित्येकांच्या आयुष्यातील हा बसचा पहिला रोजचा प्रवास असतो. ही धास्ती मुले बोलून दाखवीत नाहीत. निरोपसमारंभात हार, फराळ व दोन भाषणे होतात. धास्तीविषयी कोणी काही विचारीत नाही.

यासाठी दोन उपक्रम उपयोगी पडतात. पहिला नकाशाचा. खोलीच्या जमिनीवर खडूने व गेरूने गावाचा मोठा नकाशा काढावा: आपली शाळा, देऊळ, चर्च, पंचायत, ओहोळ, बसथांबा आणि रस्त्याच्या टोकाला नवी शाळा. चौथीच्या प्रत्येक मुलाने घरापासून नव्या शाळेपर्यंतचा मार्ग नकाशावर चालून दाखवावा. बस चुकली तर काय करावे, वाटेत ओळखीचे घर कोणाचे, हे बोलणे त्या ओघात निघते. शक्य झाल्यास नव्या शाळेतील एखाद्या माजी विद्यार्थ्यास बोलावून मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत.

दुसरा हवालीचा. चौथीची मुले वर्षभर शाळेची अनेक कामे सांभाळीत असतात. घंटा, पाण्याचे पिंप, झाडे, पुस्तकपेटी ही ती कामे. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपले काम तिसरीतील एका मुलास करून दाखवावे व त्याविषयी एक पत्र लिहावे. कोणत्या झाडाला जास्त पाणी लागते, पेटीचे कुलूप कोणत्या बाजूने अडते, हे ज्याने वर्षभर काम केले त्यालाच ठाऊक असते. ही पत्रे डब्यात बंद करून ठेवावीत व नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उघडावीत. लेखनाचे खरे प्रयोजन मुलाला येथे कळते. आपले लिहिणे आपल्या अनुपस्थितीत कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे ते प्रयोजन होय.

पालकांचा दिवस

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देणे हे कर्तव्य ठरविले आहे. याच अधिनियमाने मूल्यमापन सर्वंकष व सातत्याचे असावे आणि मुलाने भीती, ताण व चिंता यांपासून मुक्त राहून शिकावे, अशी अपेक्षा ठेवली आहे. प्रदर्शनाचा दिवस या सर्व गोष्टी एका वेळी साधू शकतो.

दिवस ठरविताना गावाचा हंगाम पाहावा. मार्च-एप्रिलमध्ये काजूचे दिवस असतात व सकाळी पालक बागेत गेलेले असतात. तेव्हा संध्याकाळची वेळ बरी. प्रमुख पाहुणे, स्वागतपर भाषण, आभारप्रदर्शन यांना फाटा द्यावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या माणसाचा हात धरून त्याला आपल्या पानांपाशी न्यावे व काय शिकलो ते आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत सांगावे. शिक्षकाने मागे उभे राहावे. पालकांना सांगावे की प्रथम दोन्ही पाने नीट पाहा, मग एक प्रश्न मुलाला विचारा; शेजारच्या मुलाच्या पानाशी तुलना मात्र करू नका. ज्यांच्या घरून कोणी येऊ शकत नाही, त्या मुलासाठी अंगणवाडीच्या ताई, पोषण आहार देणाऱ्या बचतगटातील महिला किंवा शाळेचे माजी विद्यार्थी यांपैकी कोणीतरी श्रोता म्हणून आधीच ठरवून ठेवावा. त्या संध्याकाळी एकही मूल आपल्या पानाजवळ एकटे उभे राहता कामा नये.

गावातील शाळा चालू राहावी की आपले मूल दूरच्या शाळेत घालावे, याचा निर्णय अनेक घरांत याच सुमारास होत असतो. तो बहुधा इमारत, गणवेश व बस पाहून होतो, कारण दुसरे काही पाहावयास मिळत नाही. आपल्या मुलाची दोन पाने पाहून गेलेल्या पालकाला तुलना करण्यासाठी निदान एक खरी वस्तू मिळते. शाळेच्या तपासणीस येणाऱ्या भागशिक्षणाधिकाऱ्यांनीही भिंत किती चकचकीत आहे हे न पाहता तिच्यावर किती मुलांची नावे आहेत, ते मोजावे.

प्रदर्शन उतरविताना

लावण्याइतकेच उतरविणेही महत्त्वाचे आहे. येथील पावसाळ्यात बंद खोलीतील भिंती ओल धरतात, कागदाला बुरशी येते आणि वाळवी कपाटापर्यंत पोहोचते. पावसापूर्वी भिंत पूर्ण मोकळी झाली पाहिजे. प्रत्येक मुलाची पहिली-शेवटची जोडी पाकिटात घालून, पाकिटावर नाव व वर्ष लिहून, जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी. चौथी संपेपर्यंत अशा चार जोड्या जमतात. शाळा सोडताना दाखल्याबरोबर हे पाकीट मुलाच्या हाती द्यावे. मुलाने स्वतः निवडलेले काम त्याने त्याच दिवशी घरी न्यावे. सामाईक तक्त्यांपैकी पावसाची पट्टी गुंडाळून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी तिच्याशेजारी दुसरी पट्टी लावून दोन पावसाळ्यांची तुलना करता येईल. उरलेला कागद रद्दीत, बिया व पाने खताच्या खड्ड्यात.

दोऱ्या मात्र तशाच राहू द्याव्यात. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काढलेले पहिले पान त्यांच्यावर एक दिवस टांगून मग पाकिटात जाईल आणि पुढील वर्षअखेरीच्या भिंतीची अर्धी तयारी त्याच दिवशी पुरी झालेली असेल. उरलेली अर्धी मुलांनी वर्षभर शिकण्याची आहे.